टीव्हीकडे पाठ करून

मावशीचं शिलाई मशीन खिडकीशी आणि टीव्ही तिच्या पाठीमागे, ही मांडणी काही कुणी ठरवून केलेली नव्हती. उजेड खिडकीतूनच यायचा आणि टीव्हीची वायर समोरच्या भिंतीपलीकडे जात नव्हती, एवढंच. मग काय, गेल्या कित्येक वर्षांतल्या झाडून सगळ्या मालिका मावशीने टीव्हीकडे पाठ करून बघितल्या. धाकट्या बहिणीने एकदा विचारलं, समोर आरसा लावून देऊ का, तर म्हणाली, "नको. चेहरे दिसायला लागले की माणूस फसतं. रडकं तोंड बघून आपल्यालाही रडू येतं, आणि बाई काय फालतू बोलली ते लक्षातच राहत नाही. कळलं ना?"

तर अशी ही मावशी. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे शिवणारी. धाकटी कापड बेतते आणि कापते, मावशी शिवते. दोघी त्याच दोन खोल्यांत राहतात, त्याच दोन खोल्यांत भांडतात. आख्खी गल्ली मोठीला तोंडावर मावशी म्हणते आणि माघारी सेन्सॉर. तिला दोन्ही नावं ठाऊक आहेत, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचा तिला जरा जास्तच तोरा आहे.

का नसावा? मालिका सगळेच बघतात, पण मावशी ती उलगडून बघते, आतून शिवण कशी घातलीय ते. तिची कसोटी एकच. न बघता कळलं पाहिजे की कोण बोलतंय. "आवाजावरून नव्हे," ती बजावून सांगायची. "आवाज ज्याचा त्याला जन्मतः मिळतो. बोलणं लेखकाने द्यायचं असतं. इथे डॉक्टर, चोर, सासू आणि सहा वर्षांचं पोर, सगळी एकाच तोंडाने बोलतात. एकाच ताग्यातून कापल्यासारखी."

आणि एकदा सुरू झाली की मग कुणाची धडगत नसे. एखादी नायिका नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच आहे की आपल्या लग्नाला पाच वर्षं झाली," की मावशी सुई न थांबवता म्हणायची, "त्याला माहीत आहे तर सांगतेस कशाला? आम्हाला सांगायचंय, तर सरळ आमच्याकडे बघून सांग." दुष्ट जाऊबाई एकटीच खोलीत मोठमोठ्याने कट शिजवायला लागली की हिचा संताप. "एवढी हुशार बाई, आणि दार उघडं ठेवून बडबडतेय. हिला वाईट वागायची हौस आहे, पण कशापायी ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही. बिनकारणाचं वाईट कुणी वागत नाही गं. तेवढे कष्ट कोण घेतं?" भाड्याने भांडी देणारा शेजारी एकदा पडदा न्यायला आला आणि हळूच म्हणाला की जाऊ दे ना मावशी, करमणूक आहे. त्याला मावशीने पुढचा अर्धा तास करमणूक म्हणजे काय ते समजावलं, आणि तो बिचारा पडदा न घेताच घरी गेला.

या घरात धाकटीची मुलगी वाढली. ठकू. याच मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळली, आणि मावशीची टीका ऐकत मोठी झाली. तर झालं असं की शिकूनसवरून एका शाळेच्या कचेरीत चांगली चिकटलेली ही ठकू एक दिवस म्हणाली, मला मालिकेत संवाद लिहायचं काम मिळतंय. एक भाग लिहून घेतलाय, तो आज संध्याकाळी दाखवणार आहेत. त्यांना आवडलाय, कायमचं ये म्हणतात. उद्या हो की नाही ते कळवायचंय.

"मग कळव की," धाकटी म्हणाली.

"मावशीने ऐकल्यावर," ठकू म्हणाली. "तिने नाही म्हटलं तर मी कचेरी सोडत नाही."

आता अडचण मावशीची. जन्मात कुठल्या मालिकेला तिने बरं म्हटलं नव्हतं, आणि खोटं तर तिच्या तोंडून निघतच नसे. चांगलं नसलं तर? पोरीच्या तोंडावर सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर इतकी वर्षं जिभेच्या जोरावर जो मान मिळवला, त्याची माती. धाकटीला कोपऱ्यात ओढून ती कुजबुजली, "मला नको ना या भानगडीत ओढू." धाकटी म्हणाली, "मी कुठे ओढतेय? तिनेच तुला न्यायाधीश नेमलंय. आता नीट ऐक म्हणजे झालं, कळलं ना?"

संध्याकाळी तिघी बसल्या. मावशी मशीनवर, नेहमीसारखी पाठमोरी. धाकटी जमिनीवर कापड पसरून हातात खडू घेऊन, पण रेघ एकही नाही. ठकू दाराला टेकून उभी, बसायला तयारच नाही.

भाग सुरू झाला. पहिल्याच प्रसंगात एक घरमालक आणि भाडेकरू. मावशीने पसंतीची मान हलवली. मालक प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा" असं सुरू करून अर्ध्यावर सोडत होता, कारण पुढे मागायचं ते मागायची त्याला लाज वाटत होती. भाडेकरू नेमका तेवढाच मोकळा. डोळे मिटूनही कळत होतं कोण कुठला. मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं हे पाठीवरूनही दिसत होतं. मग एक नर्स आली, भराभर बोलणारी, वाक्यं गिळणारी. तीही फक्कड. मावशीला वाटलं, सुटले.

आणि मग आल्या दोन बहिणी. म्हाताऱ्या, खाणावळ चालवणाऱ्या. एकीला खाणावळ बंद करायची होती, दुसरीला नव्हती.

"बस झालं आता, कळलं ना?"

"बस कशाने झालं?"

"पाय बघ जरा कसे सुजलेत."

"माझे सुजलेत, कळलं ना? तुला कशाला दुखतात?"

"दुखतात म्हणून तर सांगतेय, कळलं ना?"

मावशीचा पाय मशीनवरून उतरला. आवाज दोन होते, पण बोलणं एकच. पाय कुणाचे सुजले, बंद कोण म्हणतंय, सगळा गुंता. तिने कान टवकारले, पुन्हा धागा पकडायला बघितलं, पुन्हा सुटला. भाग संपेपर्यंत तिचा चेहरा उतरला होता. धाकटीने टीव्ही बंद केला.

"सांग," ठकू म्हणाली.

मावशीने दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मालक चांगला. नर्स तर फारच चांगली. पण पोरी, त्या दोघी बहिणी... तिथे तू थकलीस. दोघी एकाच तोंडाने बोलतात. कोण कुठली ते कळलं नाही मला. आणि तुला ठाऊक आहे, जे खरं आहे तेच मी सांगते."

एवढं बोलून तिने मान खाली घातली. जीव तुटत होता तिचा. धाकटीने खडू ठेवून दिला.

ठकू मात्र हसत होती. "मावशी, तुला खरंच नाही कळलं?"

"नाही म्हणून तर सांगतेय, कळलं ना?"

"हेच," ठकू म्हणाली. "आई, तू बोल आता. मावशी चुकली म्हण."

"ती कशाला चुकेल?" धाकटी फणकारली. "जे ऐकू आलं ते सांगितलं तिने, कळलं ना?"

 दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मी कधी म्हणते असं?" मावशी म्हणाली.

"मी कधी म्हणते?" धाकटी म्हणाली, त्याच सुरात, तशीच मान झटकून.

"दिवसभर," ठकू म्हणाली. "दोघी. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणसं वेगळी बोलतील कशी? त्या दोघींना मी मुद्दाम एका तोंडाने बोलायला लावलं. लिहिताना मला दुसरं ऐकूच येत नव्हतं."

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच विचारलं, "त्यातली मी कुठली?"

"खाणावळ चालू ठेव म्हणणारी," धाकटीने परस्पर सांगून टाकलं.

"छे. ती तू. पाय माझे सुजतात का?"

"तुझेच सुजतात, ताई. मी रात्री शेकून देते ते कुणाचे?"

मावशीने आपल्या पायांकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले, आणि या वेळी तर तिने कुणाचं रडकं तोंडही बघितलं नव्हतं. ती उठली, ठकूचा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि म्हणाली, "उद्या उठल्या उठल्या फोन कर त्यांना. हो म्हणून सांग. अगं, आजवर मला एकही लेखक फसवू शकला नाही. तू फसवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक अभ्रे न्यायला आलं. मावशीने त्याला आधी खुर्चीवर बसवलं, आणि काल संध्याकाळी आपण कसे साफ चुकलो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. त्याने काहीच विचारलं नव्हतं. त्याच्यामागून आलेल्या बाईलाही सांगितलं, आणि दुपारी भांडीवाल्या शेजाऱ्याला मुद्दाम हाक मारून बोलावून घेतलं, तेही एवढ्याचसाठी.