पाइनचा शेंडा

मुलांनो, सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला आणि तुमच्या आजोबांनी लावलेला पाइन खालून पिवळा पडला. दत्तू माळी म्हणाला, "आजी, गेलं हे झाड. तोडू का?"

"अरे, शेंडा बघ, हिरवा आहे. पाणी कमी पडलं की पाइन जुनी सुईसारखी पानं गाळतो, उरलेल्या पानांची छिद्रं मिटून घेतो आणि थोडक्या श्वासावर तगून राहतो."

दत्तू हसला. "तुमच्यावानीच की! चार खोल्यांना कुलूप आन् तुमी एकीत."

 मी झाड तोडू दिलं नाही. संध्याकाळी माडीवरच्या, तुम्ही गेल्यापासून बंद असलेल्या तुमच्या खोलीचं कुलूप काढलं, खिडकी उघडली आणि बराच वेळ तिथेच बसले. तिथून पाइनचा फक्त हिरवा शेंडा दिसतो.