वितळलेली मोहर

माझे वडील वाशीमच्या कचेरीत मालखान्याचे कारकून होते. खटल्यांतल्या वस्तू त्यांच्या ताब्यात असत. त्या वर्षी सभेहून परतणाऱ्या एका पुढाऱ्याचा खून झाला. त्याच्या अंगातून काढलेली गोळी लाखेची मोहर केलेल्या डबीत वडिलांकडे आली. ती ज्याच्या पिस्तुलातली म्हणत, त्या तरुणाची फाशी तिच्यावरच ठरणार होती.

मे महिन्यात पत्र्याखाली लाख वितळली. मोहर सपाट झालेली पाहून वडील खोलीची किल्ली शिपायाकडे देऊन नवी लाख आणायला निघाले आणि वाटेत घरी डोकावले. आमरस तयार होता. मी त्यांना जाऊच देईना. तासाभराने परत जाऊन त्यांनी पुन्हा मोहर उठवली. नोंद मात्र केली नाही.

मोहर नवी दिसते, म्हणजे गोळी बदलली, असं आरोपीचे वकील म्हणू लागले. साक्षीच्या दिवशी आईने विचारलं, "आता काय सांगसान?"

"झालं ते."

"नोकरी जाईन ना! गोळी तर तेच आहे."

"मी इथं रस खाऊन राह्यलो होतो. तिथं कोनं हात लावला, मले काय मालूम?"

त्यांनी कोर्टात तसंच सांगितलं. आरोपी सुटला, वडिलांची नोकरी गेली. खुनी तोच होता का, या विचाराने मी अजून अस्वस्थ होते.

"जेवायला थांबलो," उशिराचं कारण म्हणून एवढंच ते साक्षीत म्हणाले. मी हात धरून बसवलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.