घर दाखवायचा रविवार

कोणतीही वस्तू नापसंत झाली की सुखरामजींना त्याचं कारण लागायचं. नोकरीच तशी केली होती. जबलपुरात रांझीच्या कारखान्यात तीस वर्षं ते तपासणीच्या खात्यात होते. नापास झालेल्या भागाला दोष लिहिलेली चिठ्ठी बांधायची आणि तो दुरुस्तीला परत पाठवायचा, हे त्यांचं काम. दोष न लिहिता माल परत करणाऱ्याला ते सरळ कामचुकार म्हणायचे.

मी शैलजा, त्यांच्या समोरच्या घरात राहते. शाळेत शिकवत होते, एकटी आहे, आणि न मागता सल्ला देण्याची मला खोड आहे. या गोष्टीत ती खोड नडली, म्हणून आधीच सांगून टाकते.

घर विकायचं ठरलं ते त्यांच्या बायकोच्या, पार्वताबाईंच्या डोळ्यांमुळे. काचबिंदूनं नजर गेली. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. अंगणात दोनदा पडल्या. मुलगी लता नागपूरला असते. ती म्हणाली, आता दोघं माझ्याकडे या, ते घर काढून टाका. फोनवर काढून टाकायला काय जातं? चौऱ्याऐंशी साली पाळी संपवून आल्यावर या माणसानं स्वतः विटा भिजवल्या होत्या.

गिऱ्हाइकं यायला लागली. पहिला कुटुंब घेऊन आला, बैठकीत बसला, पाण्याच्या ग्लासाला हात न लावता उठला आणि जाताना म्हणाला, जिना अरुंद आहे, कठडा नाही. सुखरामजींनी आठवड्यात कठडा बसवला. दुसरा म्हणाला, न्हाणीघरात अंधार. भिंत फोडून झरोका काढला. तिसऱ्याला मागचं दार घट्ट वाटलं. ते रंधा मारून घेतलं. चौथ्यानं काही सांगितलंच नाही, "कळवतो" म्हणून गेला, आणि सुखरामजी चार दिवस घरभर दोष शोधत फिरले.

मग मोहन दलालानं नवी टूम काढली. "दादा, एक-एक को दिखाने से बात नहीं बनती. इतवार को दस से चार मकान खुला रखो, सब साथ में देखें. चार लोगों को देखके पाँचवाँ जल्दी हाँ बोलता है."

लतानंही फोनवर तेच सांगितलं. त्याला ओपन हाउस म्हणतात, पुण्या-मुंबईत सर्रास करतात म्हणे. सुखरामजींचं मन होईना. संध्याकाळी माझ्याकडे आले, हातात दोषांची यादी.

"ताई, करू का नको? आता एकेक जण नाई म्हणते, तं ते माझ्या पोटात राहते. सगळे मिळून नाई म्हणाले तं गल्लीभर होईन. म्हणून आधी सगळं ठीक करून घ्यावं म्हणतो. तुम्हीच सांगा, अजून काय राहून गेलं?"

ती यादी बघून मला राग आला. त्या लोकांचा आला, आणि या भोळेपणाचाही आला. मी म्हटलं, "सुखरामजी, घरात काही दोष नाही. तुमच्या बैठकीत शिरल्यावर समोर काय दिसतं ते आठवा. त्यांना जे खटकतं ते ते सांगणार नाहीत."

समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक बुद्धांची, एक बाबासाहेबांची. छप्पन सालच्या ऑक्टोबरात सुखरामजींचे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा मांडीवर धरून त्यांनी त्या आणल्या. ते परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं. वडील म्हणत, गाव गेलं तरी हे आहे. दर रविवारी सकाळी दोघं नवरा-बायको तिथे उभे राहून वंदना म्हणत. रोज ओल्या फडक्यानं काचा पुसायचं काम पार्वताबाईंचं. नजर गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं.

सुखरामजींनी हातातल्या यादीची घडी घातली. मग म्हणाले, "मंग काय करू?"

"एक दिवस उतरवून ठेवा. घर विकलं गेलं की नागपूरला मानानं लावा."

"आन् पार्वताले काय सांगू?"

"काही सांगू नका. त्यांना कुठे दिसतंय."

हे वाक्य मी बोलले. आजही सकाळी चहा गाळताना ते आठवतं.

शनिवारी बैठकीला चुना मारायचा म्हणून पार्वताबाईंना दिवसभर माझ्याकडे आणून बसवलं. संध्याकाळी मी त्यांना हात धरून परत नेलं, तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती, खिळेही उपटले होते. तसबिरी चादरीत गुंडाळून आतल्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. "चुना ओला हाये, उद्या भिंतीले हात नको लावू," सुखरामजींनी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.

रविवारी माणसं आली, आणि मोहन म्हणाला होता तशीच आली. दहा वाजता दोन कुटुंबं, साडेदहापर्यंत सहा. कठड्याचं कौतुक झालं, झरोका पसंत पडला. मी ट्रे फिरवत होते. सगळ्यांनी पाणी प्यायलं. एकीनं तर दुसऱ्यांदा मागून घेतलं. सुखरामजी दारात उभे होते, नवा सदरा घालून, आणि प्रत्येक रिकाम्या ग्लासाकडे बघत होते. एक गृहस्थ समाधानानं म्हणाले, "मोहल्ला भी अच्छा है. अपने जैसे लोग हैं." सुखरामजींनी मान हलवली. हलवली म्हणजे काय, खालीच घातली.

तेवढ्यात आतून पार्वताबाई आल्या. पांढरं लुगडं नेसलेल्या, भिंत चाचपत. रोजच्या जागी थांबल्या, कोऱ्या भिंतीसमोर हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणायला लागल्या, "बुद्धं सरणं गच्छामि."

कोणीतरी ग्लास खिडकीत ठेवला. मोहन माझ्याकडे बघू लागला. मला वाटलं, आत जाऊन त्यांना धरून न्यावं. पण सुखरामजी माझ्याआधी आत गेले आणि दोन्ही तसबिरी घेऊन आले. टांगायला खिळे नव्हते. मग ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही तसबिरी छातीशी धरून, बायकोच्या समोर, आणि तिच्याबरोबर वंदना म्हणू लागले. त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

वंदना संपली तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. मोहनही बाहेर निघून गेला होता.

सुखरामजी खिळे शोधायला गेले. मी पार्वताबाईंना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमची काही चूक नाही.

"ठाऊक होतं न," त्या म्हणाल्या. "काल पलंगाखाली चप्पल शोधून राहिली होती, तं हात काचेले लागला. चपलांजवळ ठेवले होते, ताई." मग अगदी साध्या आवाजात, "तुमच्याकडं कोणी घर पाहाले आलं, तं तुम्ही देव उतरवता का?"

माझं आडनाव ऐकल्यावर लोक खुर्ची पुढे करतात. मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी ग्लास गोळा करायला लागले.

दिवाळीनंतर ते दोघं न विकलेलं घर तसंच ठेवून नागपूरला गेले. एक तसबीर नेली, एक भिंतीवर ठेवली. घर विकेपर्यंत ती हलवायची नाही, एवढंच सांगून सुखरामजींनी किल्ली माझ्या हातात दिली. अधूनमधून मोहन कोणाला तरी घेऊन येतो. मी दार उघडते. लोक समोर बघतात, मग वर जाऊन येतात आणि जिना अरुंद आहे म्हणतात.

संध्याकाळी मी फोन करते. पूर्वी सुखरामजी आधी विचारायचे, दोष काय लिहिला? आता विचारत नाहीत. "पाणी पेले का?" एवढंच विचारतात.