टेस्ट पट्टीवरच्या चिठ्ठ्या

अठ्ठ्याण्णव साली आमच्या गावच्या टेलिफोन एक्सचेंजात नवं मशीन आलं, तवा बाबूभाई शेख लाइनमनचं वय एक्कावन्न होतं. सावली गावापासून नदीपर्यंत असा एक खांब नाई, ज्यावर हा माणूस चढला नाई. दोनावरून पडलाही होता, पण ते तो कोणाले सांगत नसे.

नव्या मशीनसंगं टेस्ट पट्टी बसवाचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. काम सोपं. मशीनची तार अन् गावात जाणारी तार या पट्टीवर भेटतात. मधात एक खाच. खाचेत प्लास्टिकचा तुकडा सारला का दोघींची फारकत. मंग टेस्टफोन आधी मशीनच्या बाजूनं लावाचा, मंग गावच्या. खरखर कोणीकडून येते ते कळते, अन् उगाच खांबावर चढा लागत नाई. चौसष्ट फोन, चौसष्ट खाचा. प्रत्येक खाचेखाली फोनचा नंबर लिहा, असा वरून हुकूम होता.

बाबूभाईनं नंबर लिहिले नाई. तक्रार घेऊन येणारा कोणी नंबर सांगते काय, असं त्याचं म्हणणं. अन् प्रत्येक फोनचं दुखणं ठरलेलं. म्हणून त्यानं चिठ्ठ्यांवर दुखणीच लिहिली. सरपंचाच्या खाचेखाली 'सून रिसिव्हर काढून ठेवते'. किराणावाल्या चैतूच्या खाली 'उंदीर पोसले'. आशाबाई मास्तरणीच्या खाली 'तारेवर लुगडं वाळवते'. अन् गुणवंतराव बोरकुटे, जे हप्त्यातून चारदा फोन बंद आहे म्हणून सांगाले येत अन् ज्यांचा फोन कधीच बंद नसे, त्यांच्या खाली 'काई नाई, उगाच येते'.

हे खपूनही गेलं असतं. पण मशीन पास कराले रेड्डीसाहेब आले. हैदराबादचे. हिंदी बोलत, पण मराठी-हिंदीची अक्षरं वाचता येत नव्हती. अन् कडक असे का मागच्याच महिन्यात पट्टी नीट लिहिली नाई म्हणून एका लाइनमनची त्यांनी पार जंगलातल्या सिरोंच्याले बदली केली होती. बाबूभाईची बायको अख्तरीनं आधीच बजावून ठेवलं होतं, सिरोंच्याले एकटेच जा, मी अन् माह्या शेळ्या इथीच राहू.

साहेबानं विचारलं, हे काय लिहिलं. बाबूभाई म्हणाला, ग्राहकांची नावं. साहेबाले ती नावं जरा लांब वाटली. त्यांनी इकडेतिकडे पाह्यलं. दारात गुणवंतराव उभे, फोन बंद असल्याचं सांगाले आलेले.

"आप पढ़के बताइए," साहेब म्हणाले.



गुणवंतरावानं चष्मा लावला अन् पहिली चिठ्ठी मनातल्या मनात वाचली. मिशी हालली. "सरपंच, साहेब," ते म्हणाले. दुसरी वाचली, जरा खोकले, अन् चैतूचं नाव सांगतलं. कोणाच्या घरी काय चालते ते त्यायले पाठच होतं. मंग एकेक चिठ्ठी अशीच. तोंडात नाव, पोटात हसू. एवढं सुख त्या माणसाले या एक्सचेंजात कधी भेटलं नव्हतं.

एकेचाळिसाव्या खाचेपाशी ते थांबले. दोनदा वाचलं. चष्मा धोतरानं पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मंग हळूच वळून बाबूभाईकडे पाह्यलं. बाबूभाई छताकडे पाहून राह्यला होता.

साहेबानं विचारलं, ये किसका है.

खरं सांगतलं तर बाबूभाई सिरोंच्याले. पण खरं सांगाचं म्हणजे ते साहेबापुढे मोठ्यानं वाचा लागे.

"गुणवंतराव बोरकुटे," ते म्हणाले. मंग घसा साफ करून, "प्रतिष्ठित नागरिक."

बाकीचीही नावं सांगून झाली. साहेबानं सही केली. जीप गेली. बाबूभाईनं गुणवंतरावाले खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं अन् म्हणाला, "भाऊ, तुमची चिठ्ठी आत्ताच्या आत्ता बदलतो."

"राहू दे. बदलली का लोक इचारतीन, आधी काय होतं." गुणवंतराव पाणी पिले, ग्लास खाली ठेवला. "पण चैतूची अक्षरं लहान पडली ना बे. मोठी कर. दारातून वाचता आली पाह्यजे."

बाबूभाईनं केली.

त्यानंतर गुणवंतराव रोजच याले लागले. तक्रार काई नसे. पट्टीपुढे उभे राहून, नवीन कोणाले फोन लागला अन् त्याले काय दुखणं निघालं, तेवढं वाचून घरी जात.