मोठ्यांचं चॉकलेट

लाँड्रीवाल्या बाईंचा नवरा मालवाहू जहाजावर आचारी होता, पण गल्लीत सगळे त्याला कॅप्टन म्हणत. पहिल्यांदा कोणीतरी थट्टेत म्हटलं असेल, पण ते नाव त्याला असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा कॅप्टनसाहेबांचं घर विचारत यायचा. त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. जहाज कोणीही हाकतो, तो म्हणायचा, भर समुद्रात खवळलेल्या माणसांना जेवू घालून गप्प बसवायचं, ते खरं काम.

वर्षाचा मोठा भाग तो पाण्यावर असे. बाई खाली दुकान सांभाळत आणि वरच्या दोन खोल्यांत संसार. दुकानात दिवसभर वाफेची इस्त्री फुसफुसायची, दोरीवर लोकांचे कोट आणि साड्या टांगलेल्या असायच्या, आणि साबणाचा, खळीचा, गरम कापडाचा एक वास जिन्यातून थेट वर स्वयंपाकघरापर्यंत चढायचा. बाई बोलायला कमी. नवरा कधी येणार असं कोणी विचारलं तर हाताला लागेल ती बाही सरळ करत म्हणायच्या, येतील. त्यांचं पंचांग वेगळंच होतं. लोकांनी कपाटातले जाड गरम कोट धुवायला आणायला सुरुवात केली की त्या समजायच्या, आता दिवस जवळ आले. पहिला कोट काउंटरवर पडला की त्यांचा हात उगाच केसांकडे जायचा.

तो यायचा तेव्हा पहिली संध्याकाळ ठरलेली असे. दुकान लवकर बंद. बॅगेच्या तळातून मोज्यांत गुंडाळलेली लाल वाइनची बाटली निघायची, आणि शर्टांच्या घड्यांमधून काळ्या कडू चॉकलेटची जाड वडी. मग कॅप्टन बाह्या वर करून ओट्याशी उभा राहायचा आणि बाईंना स्टुलावर बसवायचा. तू वर्षभर उभी असतेस, आज बस, एवढंच म्हणायचा. चॉकलेट तो किसत नसे, सुरीनं बारीक बारीक कापायचा. एका पातेल्यात वाइन, तिच्यात दालचिनीचा तुकडा आणि संत्र्याची साल, अगदी मंद आचेवर, उकळी न येऊ देता. दुसऱ्या पातेल्यात दाट दूध, थोडी साय, साखर, चिमूटभर मीठ. दूध तापलं की आच बंद करून चॉकलेट सोडायचं, ढवळत राहायचं, चमच्याला जड लागेपर्यंत. मग कोमट वाइन, केसासारखी बारीक धार धरून. घाई केली की दूध फाटतं, हे तो दर वर्षी नव्यानं सांगायचा आणि बाई दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायच्या.

लेक लहान होती तेव्हा तिला साधं गोड कोको देऊन झोपायला पिटाळायचे. ती दारातून नाक आत घालून विचारायची, मला ते का नाही? आणि कॅप्टन गंभीरपणे सांगायचा, हे मोठ्यांचं चॉकलेट आहे, प्यायलं की लगेच कामाला जावं लागतं. घरात कॅप्टनची थोरली बहीणही असे. नणंदबाईंना दारू म्हटलं की कपाळाला आठ्या. पण त्यांना दर वर्षी नेमका त्याच संध्याकाळी खोकला व्हायचा आणि औषध म्हणून त्या छोटी वाटी पुढे करायच्या. दुसऱ्यांदा पुढे करताना खोकायच्याही विसरायच्या.

ते जाड, काळपट लाल पेय लहान कपांतून पिताना दोघं फारसं बोलत नसत. कॅप्टन मध्येच बाईंच्या खांद्याशी नाक नेऊन खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, हं, पोचलो. बाईंचं पुढचं वर्ष त्या एका शब्दावर निघायचं.

आणि मग एका वर्षी तो लवकर आला. कोटांचा अजून पत्ता नव्हता, लोक पातळ सदऱ्यांतच फिरत होते. दुपारी दुकानाच्या दारात बॅग ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, आलो, आता परत जायचं नाही. बाईंच्या हातातली इस्त्री तशीच राहिली, गिऱ्हाइकाच्या शर्टावर डाग पडायचा तो थोडक्यात टळला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य एकदम समोर येऊन उभं राहिलं, तर त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

त्यांनी दुकान बंद केलं. वर जाऊन स्टुलावर बसल्या. कॅप्टननं बॅग उघडली, मोजे काढले, तर ते नुसते मोजेच होते. चहा घेऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दमले असतील, बाईंनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून सांगायचं बंद केलं.

माणूस घरात होता आणि घरात नव्हता. पूर्वी आला की तो ओट्यावरून बाईंना हुसकावून लावायचा, आता पातेल्याला हात लावेना. खिडकीत बसून गल्ली बघायचा. वाढलेलं मुकाट्यानं खायचा, कसं झालंय ते सांगायचा नाही. नणंदबाई म्हणाल्या, समुद्राची सवय झाली त्याला, जमीन टोचते. बाईंना वेगळंच टोचत होतं. तिकडे कोणी असेल का, हा विचार त्यांनी एकदा मनात आणला आणि दिवसभर इस्त्री जास्तच दाबून फिरवली. नवरा दूर होता तेव्हा त्याची वाट तरी बघता येत होती. आता तो हाताच्या अंतरावर असताना कोणाची वाट बघायची? रात्री त्याच्या पाठीकडे बघत त्या पडून राहायच्या आणि त्यांना जहाजावरचा नवरा आठवायचा, पत्रातून दोन ओळी लिहिणारा, फोनवर ओरडून बोलणारा. त्याच्यासाठी जीव तुटायचा.

एकदा सकाळी त्यांनी त्याला मसाल्याच्या फळीपाशी पाहिलं. दालचिनीची बरणी उघडून त्यानं नाक आत घातलं होतं, डोळे मिटून, बराच वेळ. मग झाकण लावून त्यानं लवंगांची बरणी उचलली. बाईंना पाहिल्यावर बरणी जागेवर ठेवत तो म्हणाला, सगळं जुनं झालंय, टाकून दे. बाईंनी मागाहून हुंगून पाहिलं. दालचिनी चांगली घमघमत होती.

त्याच आठवड्यात दूध जळलं. बाई खाली दुकानात होत्या आणि करपल्याचा वास जिन्यातून खाली आला. धावत वर गेल्या तर पातेलं काळंठिक्कर, खोलीत धूर, आणि कॅप्टन तिथेच, दोन पावलांवर, ओट्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसलेला. लक्ष नव्हतं, तो म्हणाला. ज्या माणसाला शेजारच्या घरात परतायला टाकलेल्या कांद्याला किती वेळ झाला ते वासावरून कळायचं, त्याचं लक्ष नव्हतं.

बाईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी चहा केला आणि त्याच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं. असलं काही त्यांनी जन्मात केलं नव्हतं. कप त्याच्यापुढे ठेवला. कॅप्टननं फुंकर मारून घोट घेतला, मग दुसरा. अर्धा कप संपवून म्हणाला, "छान झालाय."

बाईंनी साखरेचा डबा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

"काय घातलंस?"

"मीठ."

त्यानं कप खाली ठेवला. मग हळूहळू बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. गेल्या खेपेला घरून परत गेल्यावर जहाजावर तापाची साथ आली होती, निम्मे लोक आडवे झाले होते. तोही पडला, उठला, आणि उठला तेव्हा तोंडात काहीच नव्हतं. वास नाही, चव नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून कोणाला सांगितलं नाही. हाताच्या सवयीवर रांधत राहिला. मग जेवणाच्या ताटल्या भरलेल्या परत येऊ लागल्या. एक दिवस उतरलेलं मटण त्यानं शिजवून वाढलं आणि खलाशी आजारी पडले. कोणी मेलं नाही, पण खऱ्या कॅप्टननं त्याला बोलावून समजावणीच्या सुरात सांगितलं की आता घरी जा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगायचंत," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? मला वाटलं, घरी गेलो की येईल. जिना चढताना येईल." त्यानं कप बाजूला सारला. "तुझा वास येत नाही मला. सगळं दिसतंय, तू दिसतेस, ताई दिसते, पण पोचल्यासारखं वाटतच नाही गं. अजून बोटीवरच आहे मी."

बाईंना रडू आलं, आणि त्यात एक लाजिरवाणा आनंदही मिसळलेला होता. आपण इतके दिवस ज्या माणसासाठी झुरत होतो, तोही पलीकडे बसून आपल्यासाठीच झुरत होता. त्यांनी तो खारट चहा मोरीत ओतला आणि दुसरा केला.

डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं, थेंब दिले आणि खरं ते सांगितलं, वास येईल किंवा येणार नाही, आला तर आधी भलताच येईल, उग्र गोष्टी रोज हुंगत जा. बाहेर पडल्यावर बाईंनी कॅप्टनला घरी पाठवलं आणि स्वतः आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं कुठली हवी विचारल्यावर त्या गोंधळून म्हणाल्या, स्वयंपाकाची. त्यानं जराही न हसता एक साधी लाल वाइन काढून दिली. चॉकलेट शेजारच्या बेकरीत मिळालं.

रविवारची दुपार होती. बाईंनी कॅप्टनला हाताला धरून उठवलं आणि स्टुलावर बसवलं. मी करते, तुम्ही सांगा, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, काय उपयोग? नणंदबाई दारातून म्हणाल्या, मला खोकला झालाय, हा उपयोग. त्यावर तो कितीतरी दिवसांनी हसला.

पहिला घाणा वाया गेला. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं बाईंना पाठ होतं, पण हाताला पाठ नव्हतं. त्यांनी वाइन भसकन ओतली आणि दूध फाटून चोथापाणी झालं. कॅप्टन उठून उभा राहिला. त्यानं पातेलं घासलं, नवं दूध तापत ठेवलं आणि चॉकलेट कापायला घेतलं. त्याची सुरी तशीच भरभर चालत होती. वाइनचं पातेलं त्यानं कान लावून ऐकलं. "तळाशी कुजबुज सुरू झाली की बास," तो म्हणाला. "आता तू बघ, वास कसा येतोय?"

बाई वाकल्या. "चांगला येतोय."

"चांगला म्हणजे कसा? नीट सांग."

बाईंना आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा नाक नेलं. "आधी संत्रं येतं," त्या चाचरत म्हणाल्या. "मग काहीतरी आंबट, जुन्या लाकडी पेटीसारखं. दालचिनी शेवटी येते, घशात."

"मग तयार आहे."

त्यानं चमचा ढवळत ठेवला आणि बाईंनी धार धरली. बारीक, तुटू न देता. दूध फाटलं नाही. रंग हळूहळू गडद होत गेला आणि चमचा जड झाला. नणंदबाईंची वाटी आधी भरली, मग दोन कप.

कॅप्टननं घोट तोंडात धरून ठेवला. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना वेडी आशा वाटत होती की आता त्याचा चेहरा उजळेल. तसं काही झालं नाही. त्यानं गिळलं आणि सांगितलं की गरम आहे, दाट आहे, मऊ आहे. जिभेच्या कडांना वाइन किंचित आवळते तेवढं समजतं, आणि छातीत ऊब उतरते. बाकी काही नाही.

"तू सांग," तो म्हणाला.

मग बाई सांगत बसल्या. कडू आधी की गोड आधी, मीठ कुठे लागतं, संत्रं कितपत उरलंय. शब्द कमी पडले तिथे त्या दुकानातल्या गोष्टी आणत, मखमलीच्या उलट्या बाजूसारखं, नुकत्याच वाफेतून काढलेल्या लोकरीसारखं. कॅप्टन डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं ते त्यानं पुसलं नाही. नणंदबाई उठून दुसऱ्या खोलीत गेल्या, वाटी घेऊन.

त्यानंतर तो पुन्हा ओट्याशी उभा राहू लागला. शिजवायचा तो, चाखायच्या बाई. मीठ कमी, आंबट जास्त, असं भांडण रोज व्हायचं, आणि बडबड करण्यात एव्हाना बाई त्याला हार जात नसत. दुपारी तो दुकानात घड्या घालायला यायचा. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोनवर त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, सुट्टी मिळाली की येते, आता मी मोठी आहे.

थंडी येऊन गेली. थेंब चालूच होते. डॉक्टर तेच म्हणत होते.

एके दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कॅप्टन चादरीची दोन टोकं धरून उभा होता, दुसरी दोन बाईंच्या हातात. घडी घालता घालता तो थांबला.

"रबर जळतंय का कुठे?"

बाईंनी हुंगलं. वाफ आणि साबण, रोजचंच. त्यांनी वायरी पाहिल्या, प्लग पाहिले, दारात जाऊन गल्लीही हुंगून आल्या. रबराचा कुठे मागमूस नव्हता. कॅप्टन मान वर करून, चादर छातीशी धरून तसाच उभा होता.

"कसा आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

"घाण आहे," तो म्हणाला. "पण आहे."

बाईंनी इस्त्री बंद केली, मध्ये वाफ येऊ नये म्हणून. दोघं न हलता उभे राहिले. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली, गेला म्हणून. त्या दिवशी तो वास परत आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चादरीची घडी मात्र तेव्हा राहूनच गेली, आणि ती न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला थोडं थांबावं लागलं.