ताटली दिसली तर पोहायचं

पूलमधली पानं रोज जाळीनं काढा, दुसऱ्या दिवशी तितकीच पडलेली असतात. त्या बंगल्यातल्या गोष्टींचंही तसंच. एक सांगून संपली की दुसरी वर येते! मैत्रिणी ऐकून हसतात, मीही हसते. पण तेव्हा माझा जीव कसा मुठीत असायचा, ते सांगायचं राहूनच जातं.

आयटीचे पगार आले आणि बाणेरला बंगल्यांमागे निळे पूल आले, तेव्हाची गोष्ट. मी कसबा पेठेतून दोन बस बदलून समीरदादांच्या बंगल्यावर कामाला जायची. नवरा-बायको दोघंही कंपनीत. घरी दादांचे वडील आबा, सात वर्षांची सई आणि मी. सईला दमा. डॉक्टर म्हणाले, पोहू दे, छाती सुधारेल. पोरगी चार महिन्यांत पोहायला शिकली, बुड्याही मारायला लागली. पण क्लोरीनच्या वासानं तिला धाप लागायची! म्हणून क्लोरीनऐवजी काय चालेल, ते दादा रोज इंटरनेटवर शोधत बसायचे.

पूलची देखभाल करणाऱ्या शिंद्यांचा एक नियम होता. खोल बाजूला तळाशी स्टीलची ताटली टाकायची. काठावरून ती दिसली तर पोहायचं, नाही तर नाही.

"ताई, जिथे ताटली दिसत नाही, तिथे बुडालेलं पोरही दिसत नाही," ते मला म्हणाले.

त्या दिवसापासून कामावर पोचल्यावर मी आधी ताटली बघायची, मग चपला काढायची.

एकदा पाणी गढूळ झालं. सईनं विचारलं, "मावशी, आज ताटली का दिसत नाही?"

लेकरू घाबरेल म्हणून मी म्हटलं, "काळी पडली असेल गं. घासायला हवी."

*

क्लोरीनच्या पावडरीची बादली रिकामी झाली, म्हणून मी ती बाथरूमच्या ॲसिडनं घासायला घेतली. तळाशी थोडी पावडर राहिली होती. फस्सकन पिवळट धूर! डोळे, घसा, सगळं पेटलं. शिंद्यांनी मला दंडाला धरून पंपाच्या खोलीबाहेर ओढलं. मी हिरवळीवर बसून खोकतेय, आणि आबा पेपर खाली ठेवून विचारतात, "सुमनबाई, बादली निघाली का स्वच्छ?"

*

मग आबांनीच मंडईजवळच्या दुकानातून तुरटीचे खडे आणले. "आम्ही हेच पाणी पिऊन मोठे झालो!"

गाळ खाली बसला, शिंद्यांनी तो ओढून घेतला. पाणी असं नितळ, की ताटलीवर कोरलेलं नावही वाचता येत होतं. सई मनसोक्त पोहली. तिसऱ्या दिवशी तिचा कान वाहायला लागला, अंगात ताप. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या कपाळावर घड्या ठेवताना मला वाटलं, आता स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यालाही भ्यायचं!

*

पुढे तांब्याचं मशीन आलं. त्यातून पाण्यात तांबं सुटतं, शेवाळ मरतं. दादांना काय आनंद! पण तांबं जरा जास्तच सुटलं असावं. आबा रोज सकाळी उथळ बाजूला डुंबायचे; महिन्याभरात त्यांचे पांढरेशुभ्र केस हिरवे झाले. न्हाव्यानं घाबरत विचारलं, "काका, कुठला कलर लावला?"

"लावला नाही," आबा म्हणाले. "मुलगा इंजिनियर आहे."

मला मात्र हसू येईना. सई पोहताना पाणी गिळायची. मी तिला पुन्हा पुन्हा जीभ बाहेर काढायला लावून बघायची.

*

त्यानंतर मिठाचं मशीन. मिठाची पोती आली, दादांनी चार मित्रांना बोलावून सांगितलं, "आपला पूल आता क्लोरीन-फ्री!"

शिंदे चुळबुळ करत म्हणाले, "साहेब, हे मशीन मिठातूनच क्लोरीन बनवतं."

आबा म्हणाले, "बनवू दे की! बाहेरच्यापेक्षा घरचं बरं!"

*

शेवटी नळीत बसवायचा दिवा आला. त्याच्या उजेडातून पाणी गेलं की जंतू मरतात. पण पाणी जायला पंप हवा, पंपाला वीज हवी, आणि तो उन्हाळा लोडशेडिंगचा! आठवड्याभरात पूल पालकाच्या भाजीसारखा हिरवागार. ताटली दिसेना. मी पूलच्या कुंपणाच्या फाटकाला कडी घातली, वर दोरी बांधली.

दुपारी कपडे वाळत घालून आले, तर दोरी सुटलेली. काठावर सईच्या चपला.

"सई!" उत्तर नाही.

पाण्यावर एक तरंग नव्हता. मला पोहता येत नाही. जाळीचा लांब दांडा घेऊन मी साडीसकट पायऱ्या उतरले. पाणी छातीला, मग गळ्याला लागलं. दांड्यानं तळ चाचपतेय. काही लागू दे, आणि काही लागू नये, दोन्ही एकदम म्हणत होते. काठावर आबा गुडघ्यांवर बसून, हात पाण्यात घालून तिला हाका मारत होते. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात पंपाच्या खोलीमागच्या नळाकडून पावलं वाजली.

सई. केसांतून पाणी निथळतंय, कपाळावर शेवाळ, छातीत सूं सूं घरघर. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात लखलखीत ताटली.

"मावशी, घासली मी," ती धापा टाकत म्हणाली. "आता पोहायचं?"