मागच्या सीटवरचं दही

माझ्या आईला गाडी लागते. थोडीफार मळमळ वगैरे नाही. लोणावळ्यातल्या आमच्या घरून कुरवंड्याला तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचं म्हणजे केवढासा तो रस्ता, पण तिसऱ्या वळणावर तिला उलटी होते, चौथ्यावर ती देवाचं नाव घेते आणि पाचव्यावर माझं. मागच्या खेपेला उतरताना तिने सांगूनच टाकलं, "आता मेले तरी तुझ्या गाडीत बसायची न्हाई." एकेकाळी हाच रस्ता ती चालत जायची, पण आता गुडघे ऐकत नाहीत. आणि मावशी खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. त्यामुळे दीड वर्ष दोघी बहिणी फोनवर एकमेकींच्या अंगावर ओरडत होत्या, कारण दोघींनाही कमी ऐकू येतं. मावशी रोज विचारायची, "कदी येतीस?" आणि आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "ह्याची गाडी धड न्हाई!"

हे मला फार झोंबायचं. मी तीस वर्षं घाटात गाडी चालवतोय आणि माझ्याइतका चांगला चालवणारा मला अजून भेटलेला नाही. तेव्हा दोष गाडीचाच असणार, हे उघड होतं. गाडी उंच आणि अरुंद, वळणावर एका अंगाला झुकते. मोबाईलवर पंधरा दिवस व्हिडिओ बघून मी निदान केलं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक जाड लोखंडी दांडा आडवा बसवतात. वळणावर गाडी कलंडायला लागली की हा दांडा तिला धरून ठेवतो. आमच्या गाडीला पुढे तसा दांडा होता, मागे नव्हता. म्हणजे माझ्या आईची आणि मावशीची ताटातूट एका दांड्यापायी झाली होती.

मी तो मागवला. काळा, दोन्ही टोकांना वाकवलेला, चांगला दोन हात लांब. आईने तो पुढून मागून बघितला आणि म्हणाली, "ह्यो गाडीला लावायचा, का तुला घालायचा?"

बसवून द्यायला मी टाकवे बुद्रुकच्या रस्त्यावरच्या एका आबांना गाठलं. आबांनी आधी कित्येक वर्षं गावोगावचं दूध गोळा करायची गाडी चालवली, मग गॅरेज टाकलं. त्यामुळे त्यांचं सगळं ज्ञान दुधातून आलेलं आहे. माझं पंधरा दिवसांचं निदान त्यांनी पान खात ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दूध खोटं बोलत न्हाई. डबाभर कोमट दूध घ्या, इरजण लावा, मागच्या शिटावर ठिवा आन् त्या वळणांनी दिवसभर फिरा. दही धड लागलं तर मानूस बी धड जाईल."

मी हे घरी हसत सांगितलं. आई हसली नाही. "गाडीवाल्या मान्सानं पयल्यांदा कायतरी शाण्यासारकं सांगितलं," ती म्हणाली. "दही लागलं तर मी बसंन." झालं, माझ्या मागे दही लागलं.

गाडी आणि दांडा आबांकडे एक रात्र ठेवून मी दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला गेलो. बॉनेटवर कुंकू, आरशाला झेंडूचा हार, समोर फोडलेला नारळ. आबांनी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला, किल्ली दिली आणि म्हणाले, "आता दह्याचं बगा. लागलं का ते सांगा." नवी गाडी घेतली की नारळ फोडतात, नवा दांडा बसला म्हणून आबांनी फोडला, यात विचारण्यासारखं मला काही दिसलं नाही. वाकून गाडीखाली बघणं माझ्या पोटाला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर बघायची गरजही वाटली नाही, कारण पहिल्याच वळणावर फरक कळला! गाडी रस्त्याला चिकटून चालली होती. मागून खट्‌ खट्‌ असा आवाज यायचा, पण नवीन वस्तू आहे, रुळेपर्यंत वाजणारच. मी वाटेत थांबून दोन मित्रांना फोन करून फरक समजावूनही सांगितला.

घरी आईने स्टीलच्या डब्यात कोमट दूध घालून त्यात विरजण ढवळलं. डबा मागच्या सीटवर ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला आणि मी निघालो. लोणावळा ते कुरवंडे, कुरवंडे ते लोणावळा. आयुष्यात पहिल्यांदा मी वळणाच्या आधी गिअर खाली टाकला. खड्डा दिसला की मनातल्या मनात दुधाची माफी मागायचो. मागे खट्‌ झालं की आणखी हळू व्हायचो.

आमच्या भागात गाडी एवढी हळू फक्त एकाच जातीचा माणूस चालवतो, तो म्हणजे जमिनीचा एजंट. तिसऱ्या फेरीला एका बंगल्याच्या वॉचमनने मला आपणहून दोन प्लॉट दाखवले. चौथ्या फेरीला एक बाई हातातला विळा उगारत बांधावरून ओरडल्या, "आमाला इकायची न्हाई!" पाचव्या फेरीला एका म्हाताऱ्याने हात दाखवून गाडी थांबवली आणि काचेतून आत बघितलं.

"पट्टा बांदून कोन बसवलंय?"

"दूध आहे, बाबा."

"कुटं न्यायचंय?"

"कुठंच नाही. दही लागायची वाट बघतोय."

त्यांनी एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "घरी लागत न्हाई व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. त्या आवाजात एवढी माया होती की मला भरून आलं. मी गिअर टाकला.

दुपारी चारला आईने डब्याचं झाकण काढलं. आम्ही दोघं श्वास रोखून वाकलो. तिने चमचा घातला. दही वडीसारखं कापलं गेलं, पाण्याचा थेंब सुटला नव्हता. "उद्या जाऊ," आई म्हणाली. मी आत जाऊन डोळे पुसले. लग्न जमलं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

सकाळी मी मागच्या सीटवर उशी लावत होतो तेवढ्यात आईने मावशीसाठी भरलेली पिशवी स्वतःच डिकीत ठेवली. पिशवी ठेवायला तिला जरा जास्तच वेळ लागला. मग ती दह्याचा डबा मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "चल, कालच्यासारकी."

तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. मी आरशातून बघत होतो, ती खिडकीबाहेर कुणाची भिंत नवीन झाली ते बघत होती. कुरवंड्याला ती खाली उतरली तेव्हा पदरसुद्धा हलला नव्हता. आत मावशी खाटेवर उठून बसायची धडपड करत होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि दीड वर्षांच्या सवयीने दोन फुटांवरून ओरडायला सुरुवात केली. दही दोघींनी एकाच वाटीतून खाल्लं.

निघताना मावशीच्या सुनेने तांदळाचं गाठोडं दिलं. ते ठेवायला मी डिकी उघडली. गोणपाटात गुंडाळलेला, एका टोकाकडून उघडा पडलेला, काळा, वाकवलेला दांडा आत आडवा पडला होता. मी ढकलला, तर खट्‌ असा आवाज आला.

मी कोपऱ्यात जाऊन आबांना फोन लावला. "आबा, तुम्ही नारळ फोडलात!"

"फोडला की. कामाला हात घालायच्या आदी नारळ फोडतोच आमी," ते शांतपणे म्हणाले. "आदी दही, मग दांडा. दही न्हाई लागलं तर दांडा बसवायचा. म्हून तर तुमची वस्तू तुमच्या डिकीत ठिवली. लागलं का?"

"लागलं," मी म्हणालो.

"मग गाडीला काय झालंय?"

मी फोन ठेवला. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, हे त्यांचे उपकारच. वळलो तर मागे आई उभी. मी घाईने डिकी बंद करायला गेलो. दांडा बसलाच नाही हे कळलं तर ती परतही गाडीत बसणार नाही, पुन्हा दीड वर्ष, आणि मावशीकडे आता किती दीड वर्षं उरली आहेत, हे मला दिसत होतं.

"झाकू नको," आई म्हणाली. "सकाळी पिशवी ठिवतानाच बगितला म्या."

"मग बसलीस कशी?"

तिने गाठोडं दांड्याला टेकवून नीट बसवलं, म्हणजे वाटेत तो वाजणार नाही. "काल दिवसभर दुधाला पट्टा बांदून फिरलास ना माज्यापायी," ती म्हणाली. "मग म्हनलं, दांडा कशाला पायजे?"